धुतलेले पाय

"बाई, तुमीच आत्ता धुतले, तर संध्याकाळी साहेब काय धुनार?"

किसनने विचारलं आणि ओट्यापाशी जमलेले बाकीचे अकराजण फिदीफिदी हसले. मी चर्चच्या मागच्या अंगणात हातपंपाशेजारी पाटावर बसले होते. पुढ्यात ऊन पाण्याचं घमेलं, बाजूला धुण्याचा सोडा, डेटॉलची बाटली आणि वज्री. किसनची टाच माझ्या मांडीवरच्या फडक्यावर होती आणि मी ती पातेल्याचं करपलेलं बूड घासावं तशी घासत होते.

"दात काढू नका. मुकाट्याने पाय द्या," मी खेकसले.

"देतोय की. पन साहेबांनला काय ठेवनार का न्हाई?"

पुन्हा हशा. मलाही हसू येत होतं, पण ओठ घट्ट मिटून घेतले. तोंड उघडलं की वास आत जायचा.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची, पवित्र गुरुवारची. प्रभू येशूने क्रुसावर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आमच्या मंडळीत त्या दिवशी पाळकसाहेब बाराजणांचे पाय धुतात. हे बाराजण वर्षानुवर्षं कमिटीचेच मेंबर. घरून साबण लावून, पावडर थापून, इस्त्रीच्या पँटी घालून यायचे. पाळकसाहेबांनी तांब्याभर पाणी ओतलं की मोजे चढवून मोकळे. त्या वर्षी मात्र आमचं तरुणांमधलं काम बघायला पुण्याच्या मुख्य कचेरीतून रेव्हरंड देठे साहेब येणार होते, आणि त्यांनी पत्र धाडलं होतं की यंदा मंडळीतल्यांचे नकोत, केंद्रात येणाऱ्या बारा तरुणांचे पाय मी स्वतः धुईन.

ते केंद्र म्हणजे मीच. मी रिबेका उजगरे, तेव्हा तेवीस वर्षांची, डी.एड. होऊन दोन वर्षं घरी बसलेली. तरुण संघाची चिटणीस होते, म्हणून चर्चच्या आवारातल्या रिकाम्या खोलीत रोज संध्याकाळी नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या पोरापोरींना लिहावाचायला शिकवायचे, गाणी शिकवायचे. सगळी पंधरा ते वीस वर्षांची, सगळी कातड्याच्या गोदामात कामाला. ओली कातडी यायची, त्यावर मीठ पसरायचं, घडी घालायची, थरावर थर लावायचे. दिवसभर अनवाणी त्या मिठाच्या आणि रक्ताच्या पाण्यात. त्यांच्या पायांना भेगा नव्हत्या, चिरे पडलेले होते. कितीही आंघोळ केली तरी वास जायचा नाही. बाजारात लोक नाकाला पदर लावायचे, एसटीचा कंडक्टर यांना मागे उभं राहायला लावायचा.

मलाही त्यांची किळस यायची. शिकवताना मी खिडकीपाशी उभी राहायचे. त्यांनी हात लावलेली पाटी मी चिमटीत धरायचे. वर घरी गेल्यावर गुडघे टेकून म्हणायचे, प्रभू, मला प्रेम दे. प्रेम काही आलं नाही, पण मी रोज जात राहिले, आणि लोक म्हणायचे, रिबेका काय सेवा करते हो.

पाय आधीच धुऊन ठेवायची अक्कल पाटोळेकाकांची. विल्सन पाटोळे मंडळीचे सेक्रेटरी, मिशन शाळेच्या बोर्डाचेही सेक्रेटरी. माझ्या वडिलांचे मित्र, म्हणून मला घरच्या नावाने हाक मारायचे. "बेबी, साहेबांना असल्या वासाची सवय नाही. भर उपासनेत त्यांना उलटी झाली तर मंडळीची शोभा होईल. दुपारीच सगळ्यांना बोलाव, चांगलं घासूनपुसून घे. आणि जूनमध्ये शाळेत एक जागा निघतेय, तुझ्या कानावर असू दे." दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या.

म्हणून मी दुपारी बारापासून घासत होते. अकराजण झाले. पाण्याची नऊ घमेली मी नाल्यात ओतली, प्रत्येक घमेलं करडं आणि तेलकट. माझी नखं आतून काळी झाली. पण एक सांगते, सातव्या-आठव्या जोडीला मी ओठ मिटून घ्यायचं विसरले. एकेकाचे पाय ओळखीचे वाटायला लागले. गौरा म्हणून एक होती, तिला गुदगुल्या व्हायच्या, ती पाय ओढून घ्यायची आणि मी तिला दटावायचे. पाय धुऊन झालेले सगळे कोरडे पाय उन्हात पसरून एकमेकांचे बघत बसले होते. इतके स्वच्छ पाय त्यांनी आपलेच कधी पाहिले नव्हते.

शेवटी द्वारका. अठरा वर्षांची, वर्गात सगळ्यांत हुशार. चार महिन्यांत वाचायला लागलेली. बारा जणांना मंडळीतर्फे नवे कपडे शिवले होते, पोरांना पांढरे सदरे आणि पोरींना हिरव्या काठाची पांढरी पातळं. द्वारकाने ते पातळ सकाळीच नेसलं होतं आणि तेव्हापासून ती बसलीच नव्हती, चुरगळेल म्हणून.

"ये गं. पाय दे."

"ऱ्हाऊ द्या बाई. मी घरूनच धुऊन आलेय."

"नखरे नकोत. दे."

तिने उजवा पाय दिला. मी तो घासला. डावा तिने मागेच ठेवला. मी खसकन ओढला, तर टाचेला चिंध्या गुंडाळलेल्या. मी त्या सोडायला लागले. शेवटची चिंधी चिकटली होती. ती सुटली आणि जो वास आला, तो गोदामाचा नव्हता. टाचेत रुपयाएवढं भोक होतं, कडा पांढऱ्याफटक, आतून पू. मिठाने ते खात खात आत नेलं होतं.

मी उठले, पंपामागे गेले आणि सकाळचा चहा ओकले.

परत आले तेव्हा द्वारका खाली मान घालून बसली होती. "म्हनून म्हनत व्हते, ऱ्हाऊ द्या," ती हळूच म्हणाली.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासनं."

"आणि सांगितलं का नाहीस? मिशनच्या दवाखान्यात नेलं असतं ना मी."

"तुमी आमच्या पायाकडं कधी बगतच न्हाई बाई. काय सांगावं."

हे ती रागाने नाही म्हणाली. आहे ते म्हणाली. मी बसले, कापूस घेतला आणि ती जखम धुतली. पू पुसला, कडा पुसल्या. ती एकदाही कण्हली नाही, फक्त माझा खांदा घट्ट धरून बसली. वर धुतलेल्या फडक्याची पट्टी बांधली.

"सोमवारी तुला दवाखान्यात नेते," मी म्हणाले.

"न्या. पन आज तेवढं होऊ द्या." मग तिने सांगितलं की तिची आई येणार आहे. आई इतकी वर्षं त्याच गोदामात होती, आता दिसेनासं झालं म्हणून घरी. द्वारका केंद्रात येते हे तिला पटतच नव्हतं. "म्या सांगितलं, आये, मोठे साहेब माजे पाय धुनार हायेत, सगळ्यांच्या म्होरं. तर हसली. म्हनली, येडे, आपल्या पायाला कोन शिवतंय. जल्मात कुनी शिवलं न्हाई. म्हनून तिला बोलावलंय. तिला बघू द्या की, शिवत्यात का न्हाई."

तिला नोकरी नको होती, पैसे नको होते. तिला एवढंच हवं होतं.

चारच्या सुमारास पाटोळेकाका आले. हातात टाईप केलेली यादी, नाकाला सेंट लावलेला रुमाल. माणूस गंमतीचा बघा. याच्या आजोबाने आणि माझ्या आजोबाने एकाच बांबूला बांधून मेलेली ढोरं गावाबाहेर ओढली होती. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते कधी तोंडातून काढत नव्हतो. त्यांनी रांगेने सगळ्यांचे पाय बघितले, बाजारात बैल बघतात तसे, आणि द्वारकाच्या पट्टीपाशी थांबले.

"हे काय?"

"जखम आहे काका. धुतली मी."

"रक्त येतं?"

"पू येतो."

ते मला हाताने खूण करून बाजूला घेऊन गेले. "हिला काढ."

"काढ म्हणजे? बारा व्हायला हवेत ना?"

"बाराच होतील. यादी पुण्याला गेलीय, साहेब एकेक नाव वाचणार आहेत, फोटो निघणार आहेत. हिच्या नावावर ग्लोरी बसेल. पातळ तेवढं हिचं घेऊन दे तिला."

ग्लोरी त्यांची मुलगी. कॉलेजात जाणारी.

"काका, असं कसं करायचं? उपासना आहे ही."

"मग उपासनेत पू वाहू द्यायचा? साहेबांनी हात लावला आणि त्यांना शिसारी आली, तर पुढच्या वर्षी या कामाला काय मिळेल, विचार केलास? या पोरांसाठीच सांगतोय मी."

"तिची आई येणार आहे बघायला."

"तिला मागे बसव. चहा दे." रुमाल त्यांनी दुसऱ्या हातात घेतला. "बेबी, बोर्डाची मीटिंग बावीस तारखेला आहे."

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. उलट माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मी नाही म्हणायला हवं होतं. सरळ देठे साहेबांकडे जायला हवं होतं. ते पाळकसाहेबांच्या घरी चहा पीत बसले होते, अंगण ओलांडलं की झालं. पण मी गेले नाही. जूनमध्ये मला शाळेची ऑर्डर मिळाली आणि एकतीस वर्षं मी ती नोकरी केली. पेन्शन आजही खाते. गोड लागते असं नाही, पण खाते.

द्वारकाला मी पाळकसाहेबांच्या कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"द्वारके, पातळ सोड."

तिला आधी कळलंच नाही. "नीट नेसले न्हाई का?"

"तसं नाही. तुझी जखम आहे ना, तिला पाणी लागलं तर चिघळेल. तुझ्याच भल्यासाठी सांगते. तुझ्या जागी दुसरी बसेल."

"दुपारधरनं तुमी पानीच लावताय की बाई."

खोटं बोलायलाही तयारी लागते, आणि माझी तेव्हा फारशी नव्हती. "मोठ्यांनी ठरवलंय," मी म्हणाले.

"मोठ्या साहेबांनी?"

"हो." तेवढं मात्र फटकन जमलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रडेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पाठ फिरवली, पातळ सोडलं, आतला जुना परकर-पोलका सारखा केला, आणि पातळाची घडी घातली. कातड्याची घालतात तशी, चारी कोपरे आत दाबून, हाताने सपाट करत. ती घडी माझ्या हातात दिली आणि बाहेर गेली. लंगडत नव्हती. मुद्दाम पाय टेकवून चालली होती.

ग्लोरी आली. घडी नाकाशी नेली आणि म्हणाली, "ई, हे तिने नेसलेलं?" तिच्या आईने पर्समधून सेंटची बाटली काढून पातळावर मारली. ग्लोरीच्या पायांच्या नखांचं लाल रंगकाम ब्लेडने खरवडून काढलं, तरी कोपऱ्याकोपऱ्यात राहिलंच. मग पाटोळेकाकांनी आत डोकावून तिच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "टाचेला थोडी माती लाव गं." मी शपथेवर सांगते, असंच म्हणाले. आणि माती आणून दिली ती मीच, जास्वंदीच्या आळ्यातली. माझ्या अकराजणांचे पाय मी चार तास घासून पांढरे केले होते, आणि ही एक पांढरी, तिला आम्ही माती लावत होतो. तेव्हा जी किळस आली ती त्या जखमेचीही आली नव्हती.

पाच वाजता घंटा झाली. चर्च भरलं. वेदीसमोर बारा खुर्च्या, त्यात अकरा माझी मुलं आणि बारावी ग्लोरी, डोक्यावरून पदर पुढे ओढून. किसनने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गीतांचं पुस्तक उघडून त्यात तोंड घातलं.

देठे साहेबांनी झगा काढून ठेवला, कमरेला टॉवेल बांधला आणि गुडघ्यांवर बसले. साठीचा माणूस, गुडघे दुखत असणार. त्यांनी एकेक नाव माइकवर वाचलं, घमेल्यात पाय घेतला, दोन्ही हातांनी धुतला, पुसला आणि त्यावर कपाळ टेकवलं. ढोंग नव्हतं त्यांचं. तिसऱ्या पायापासून ते रडायला लागले. किसनच्या टाचेच्या चिऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि विचारलं, "दुखतं का बाळा?" किसन एवढा टारगट, तोही लहान पोरासारखा "व्हय" म्हणाला. मी ते बघितलं आणि मला कळून चुकलं की या माणसाला शिसारी आली नसती. त्याने द्वारकाचा पाय धरला असता आणि सोडलाच नसता. त्याला शिसारी येईल हे आम्हीच ठरवलं होतं. शिसारी आमची होती, ती त्याच्या नावावर खपवली.

"द्वारका सखाराम," साहेबांनी वाचलं.

ग्लोरीने पाय पुढे केला. फोटोवाल्याचा दिवा चमकला. साहेबांनी तिची टाच धुतली, आळ्यातली माती सुटून पाण्यात गेली, आणि ते म्हणाले, "प्रभू, या कष्टलेल्या पायांना विसावा दे." पुढच्या बाकावर पाटोळेकाकांनी डोळे पुसले. त्याच रुमालाने.

मी बाजूच्या दाराने बाहेर पडले आणि वळसा घालून मागच्या बाजूला आले. द्वारकाला शोधायचं होतं. काय बोलणार होते ते देव जाणे. क्षमा मागणार होते, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

मागच्या दारापाशी, शेवटच्या बाकावर तिची आई बसली होती. वाळकी बाई, हातात काठी, दोन्ही बुबुळं पांढुरकी. द्वारका तिच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. शेवटचं गीत संपलं, लोक उठायला लागले, तशी द्वारका पुढे झाली आणि आईच्या खांद्याला हात लावला.

"आलीस का गं?" म्हातारी म्हणाली. "मला नीट दिसलं न्हाई. पांढरं पांढरं दिसत व्हतं. पन नाव ऐकलं. द्वारका सखाराम म्हनले. त्या कर्ण्यातनं म्हनले, समद्यांनी ऐकलं." तिने द्वारकाचं मनगट घट्ट धरलं. "तुझ्या बाचं नावबी घेतलं गं."

द्वारकाने माझ्याकडे बघितलं. मी तीन हातांवर उभी होते. तिने ओरडून सांगितलं असतं, सगळ्यांसमोर, तर मी खाली बसून ऐकून घेतलं असतं.

"व्हय आये," ती म्हणाली. "नाव घेतलं."

"शिवले का हातानं? का नुसतं वरून पानी ओतलं?"

"हातानं."

"किळस न्हाई केली?"

"न्हाई."

म्हातारीला खरं वाटेना. तिला माझी चाहूल लागली असावी, कारण तिने मान वळवली. "कोन, बाई हायेत का? व्हय का वो बाई? न्हाई किळस केली?"

द्वारका अजून माझ्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती मला सांगत होती, आता तुम्हीही बोला.

"नाही मावशी," मी म्हणाले. "अजिबात नाही केली."

"कुठं शिवले गं? बघू."

म्हातारी काठी बाकाला टेकवून खाली वाकली आणि चाचपडत लेकीच्या पायाशी गेली. द्वारकाने पाय मागे घेतला, पण आईचा हात पोचला होता. मी बांधलेल्या पट्टीवरून, टाचेवरून तिने बोटं फिरवली. पट्टी केव्हाच भिजून गेली होती.

"वलंच हाय की गं अजून," म्हातारी म्हणाली, आणि ती ओली बोटं तिने आधी एका डोळ्याला लावली, मग दुसऱ्या.

मग काठी घेऊन ती उठली आणि मला म्हणाली, "तुमच्या सायबांनला माजा निरोप सांगा बाई. म्हनावं, देव भलं करील तुमचं."

"सांगते," मी म्हणाले.